ओठावरची शिवण: पोर्ट्रेटचं प्रदर्शन करायचं डोक्यात आहे, मतं पाहिजेत

डार्करूम_मंगळवारपेठ (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. दोनतीन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मंगळवार पेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडलांपासूनचा. दोन वर्षांमागं एका लग्नाची ऑर्डर होती. नवरीच्या वरच्या ओठावर, डाव्या नाकपुडीपासून खाली, टाक्यांची बारीक शिवण. दुभंगलेल्या ओठाचं लहानपणी ऑपरेशन झालेलं. आता आम्हा फोटोवाल्यांची सवय कशी की पुटकुळ्या काढायच्या, डबल हनुवटी काढायची, एका मामाच्या पांढऱ्या शर्टावरचा तांबडा रस्सासुद्धा मी काढलेला आहे. त्याच नादात हिची शिवण पण सगळ्या फोटोतनं पुसली. कुणाला विचारलं नाही, विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. ४० पानी अल्बम गेला, सासरकडची लई खूश, पैसे पण वेळेत मिळाले (हे आमच्या धंद्यात दुर्मिळ).

पाचसहा महिन्यांनी ती एकटीच पासपोर्ट साइज काढायला आली. स्टुलावर बसली, मी हनुवटी सरळ करा म्हटलं, कॅमेरा डोळ्याला लावला तर म्हणते, "दादा, ह्यातली पण काढणार काय?" मला कळेना काय काढणार. तिनं ओठाला बोट लावलं. म्हणाली, "ह्या टाक्यांसाठी आईनं तीनदा मिरजेला नेलंय मला, एसटीनं, मांडीवर घेऊन. अल्बम बघितला आणि म्हणाली, ही कुणाची पोरगी?"

तिचा आवाज चढला नव्हता, उलट जरा हसतच म्हणाली. मी तो फोटो जसाच्या तसा प्रिंट करून दिला, पैसे घेतले नाहीत, तर ती ते काउंटरवर ठेवूनच गेली.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. अशी वीसपंचवीस माणसं, दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलेली, सगळ्या वयाची, कोल्हापूर आणि आजूबाजूची. मोठे पोर्ट्रेट, काही न पुसता. शाहू स्मारकच्या कलादालनात लावायचे, १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्र दिन असतो त्याच्या आसपास. लोकांना कळावं की हे काय असतं, ऑपरेशन होतं, पुढं माणूस शिकतो, कमावतो, लग्न करतो. पण कसं करायचं ह्यात अडकलोय. माणसं कशी मिळवायची, लहान पोरांचे काढावेत की नको, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा असे जोडीनं लावावेत का, खाली काय लिहायचं. एक ठरवलंय की ऑपरेशन न झालेल्या बाळाचा फोटो लावायचा नाही, लोक दया दाखवत बसतात. बाकी तुम्ही बोला.

पांढरा_रस्सा

पहिला प्रतिसाद माझा. आयडिया एक नंबर भावा. मामाच्या शर्टावरचा रस्सा काढायला नको होता पण, तो कोल्हापूरचा पुरावा आहे.

सध्या_मुक्काम_पुणे

वाखु (वाचनखूण) साठवली. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला त्या गावात हे प्रदर्शन व्हायलाच पाहिजे.

आडवा_तिडवा

माझं मत जरा उलटं आहे. आधी आणि नंतर हे लावायलाच पाहिजे, त्याशिवाय पब्लिकला कळणार कसं? नुसता बरा झालेला चेहरा लावला तर बघणारा म्हणेल चांगला फोटो आहे आणि पुढं जाईल. धक्का बसला पाहिजे. जाहिरातीचं साधं गणित आहे, संस्थासुद्धा देणग्या ह्याच फोटोंवर गोळा करतात आणि त्या पैशातनं हजारो पोरांची ऑपरेशन होतात, ते वाईट आहे काय?

पांढरा_रस्सा

बरोबर. स्माईल पिंकी आठवा ना. मिर्झापूरकडची पोरगी, २००८ ची डॉक्युमेंटरी, २००९ ला ऑस्कर मिळालं. पुढं २०१३ ला विंबल्डनच्या फायनलला टॉस करायला त्याच पिंकीला बोलावलं होतं. एका पोरीच्या चेहऱ्यामुळं जगाला कळलं.

मिशीवाला

नवीन आयडी काढून लिहितोय, कारण जुन्या आयडीवर मला लोक ओळखतात.

मी ४६ चा आहे. हातकणंगले तालुक्यातला. ओठ आणि टाळू दोन्ही. ओठाचं ऑपरेशन नवव्या वर्षी झालं, एका शिबिरात, टाळूचं नंतर बघू म्हणाले ते राहूनच गेलं. शाळेत मला फाटक्या म्हणायचे, मास्तर गेंगाण्या म्हणायचे, मास्तरचं जास्त लागायचं. अठराव्या वर्षापासून मिशी आहे, बायकोनं मला बिनमिशीचा बघितलेला नाही.

शिबिरात माझा फोटो काढलेला. आधी एक आणि टाके काढल्यावर एक. वडलांचा अंगठा घेतला होता कशावर तरी. वीस वर्षांनी एका दवाखान्यात पेशंट बघायला गेलो, नाव सांगत नाही, तर जिन्याजवळ बोर्डावर मी. आधी आणि नंतर. डोळ्यावर काळी पट्टी मारलेली, ओळखू येऊ नये म्हणून. अहो गावात मला डोळ्यावरनं कोण ओळखत होतं? ओठावरनंच ओळखायचे की. जे झाकायचं ते उघडं आणि डोळे झाकलेले. मी तिथं दहा मिनिटं उभा होतो, माझ्या शेजारी उभं राहून एक बाई पोराला सांगत होती, बघ कसं होतं आणि कसं झालं. मी मिशीवर हात ठेवून खाली आलो.

आडवा_तिडवा साहेब, धक्का तुम्हाला बसतो, बोर्डावर आम्ही असतो. आणि रस्सा भाऊ, ऑस्कर पिंकीला नाही, पिक्चर बनवणाऱ्याला मिळालं. पोरगीचं भलं झालं ते ऑपरेशननं झालं.

डार्करूमवाले, तुमचं मन चांगलं दिसतंय पण एक सांगा, भिंतीवर आम्ही आणि पेपरात फोटो कुणाचा येणार?

डार्करूम_मंगळवारपेठ

मिशीवाले दादा, दुपारी वाचलं, दुकानात गिऱ्हाईक होतं त्याला चहा सांगून तसाच बसलो. शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर: पेपरात माझाच येणार. आणि मला ते आवडणार पण आहे, खोटं कशाला बोलू. त्यावर काय करायचं ते विचार करून सांगतो.

काळी पट्टी मी स्वतः पण मारलेली आहे एका डॉक्टरच्या कामात. कधी डोक्यातच आलं नाही.

स्वरयंत्र

मी वाचा उपचार करते, म्हणजे स्पीच थेरपी, १४ वर्षं झाली, त्यातली बरीचशी कोल्हापूर-सांगलीत. फोटोतलं मला कळत नाही पण एक गोष्ट आहे जी फोटोत दिसतच नाही आणि प्रदर्शनात आली पाहिजे, ती म्हणजे टाळू.

लोकांना ओठ दिसतो म्हणून ओठाचं ऑपरेशन करून घेतात आणि मग सुटलो म्हणतात. टाळू तोंडाच्या आत, कुणाला दिसत नाही, तो राहतो (मिशीवाले काकांचं तेच झालं). ढोबळमानानं ओठ ३ ते ६ महिन्यांत शिवतात, टाळू वर्षाच्या आसपास, दीड वर्षाच्या आत झाला तर उत्तम कारण मूल तेव्हा बोलायला लागतं. टाळू उघडा असला की हवा नाकातनं निसटते. प, ब, त, क, ग ह्यांना तोंडात हवा कोंडून धरायला लागते, तीच धरता येत नाही. मग ब चा म होतो. माझ्याकडे येणारी कितीतरी पोरं बापाला "मामा" म्हणतात. बापाला हसू पण येतं आणि डोळ्यात पाणी पण. एक सोपी तपासणी घरी करता येते, नाकाखाली छोटा आरसा धरायचा आणि मुलाला "पापा, पापा" म्हणायला लावायचं, आरशावर वाफ आली तर हवा नाकातनं जातेय. मात्र म आणि न ला वाफ येणारच, ते अक्षरच नाकातलं आहे, तेवढ्यानं घाबरू नका.

आणि कान. टाळू फाटलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागं पाणी साचतं, कमी ऐकू येतं, घरचे म्हणतात पोरगं हट्टी आहे, हाक मारली तरी बघत नाही. पुढं दात वाकडे येतात, आठ ते दहा वर्षांच्या सुमारास हिरडीच्या फटीत हाड भरायचं ऑपरेशन असतं, नाकाचं शेवटचं काम वयात आल्यावर. म्हणजे हे एक ऑपरेशन आणि विषय संपला असं नसतं, पंधरा-सतरा वर्षं ये-जा असते. आधी-नंतरचे दोन फोटो ह्या मधल्या सगळ्या वर्षांना गिळून टाकतात, माझी त्या जोडीवरची खरी हरकत ही आहे.

मिशीवाले काका, मोठ्या वयात पण टाळूचं काही ना काही करता येतं, बोलण्यात फरक पडतो, लहानपणीइतका नाही पण पडतो. भेटायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कागलची_धाकटी

दादा हा धागा नवऱ्यानं पाठवला मला. आमच्याकडं बायका पण मी जातो मी येतो म्हणतात, लिहिताना तसंच येतंय, समजून घ्या.

माझी मुलगी मार्च २०२३ ची. डाव्या बाजूनं ओठ नाकपुडीपर्यंत आणि टाळू पण. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत तोंडापुढं हात घेऊन झोपलेली, त्यामुळं काही दिसलं नाही म्हणाले. जन्मली तेव्हा नर्सनं मला लगेच दाखवली नाही, आधी सासूबाईंना बाहेर बोलावून दाखवली, तेवढ्यावरनंच मी समजलो काहीतरी आहे.

पहिलं संकट दूध. ओढताच येत नव्हतं तिला, तोंडात पोकळी धरत नाही ना, आणि जे जायचं ते नाकातनं परत. दोन दिवसात पोरगी सुकली. मग माझ्या आईनं ट्रंकेतनं माझंच लहानपणचं चांदीचं बोंडलं, म्हणजे दूध पाजायचं चोचीचं भांडं, काढून आणलं. दूध काढायचं, बोंडल्यात घ्यायचं, पोरीला आडवी अजिबात नाही, मांडीवर उभी धरल्यासारखी तिरकी बसवायची आणि गालाच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडायचं. हवा लई जाते पोटात म्हणून मधेमधे खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. एका वेळेला पाऊण तास. रात्री तीनला मी दूध पाजतोय आणि आई शेजारी बसून जागी, मला झोप लागून पोरगी आडवी होऊ नये म्हणून. डॉक्टरनी सांगितलेलं वजन साडेचार किलो आणि रक्त (हिमोग्लोबिन) १० झाल्याशिवाय भूल देत नाही, त्यामुळं घरात रोज वजनकाटा, पन्नास ग्रॅम वाढलं तरी नवरा गल्लीत सांगत सुटायचा.

आता फोटोचं सांगतो. बारशाला सासऱ्यांनी फोटोवाला सांगितला नाही. मोबाईलवर पण कुणी काढला नाही, पाहुणे काढायला लागले की कोणीतरी पोरीवर दुपटं ओढायचं. आज माझ्याकडं तिचे पहिल्या चार महिन्यांचे फक्त तीन फोटो आहेत, तिन्ही दवाखान्यात फाईलसाठी काढलेले. एक समोरनं, एक बाजूनं, एक नाकाच्या खालनं. चोर पकडल्यावर काढतात तसे. तेच मी डॉक्टरांच्याकडनं मागून घेतले.

ओठ फाटलेला होता तेव्हा ती हसली की सगळं तोंड उघडायचं, असं मोठ्ठं. ऑपरेशन होऊन बाहेर आणली, ओठ लहान झालेला, सुजलेला, कोपरं वाकू नयेत म्हणून हाताला पट्ट्या बांधलेल्या, आणि मला ती माझी वाटेनाच. दोन दिवस ते जुनं हसू आठवून रडलो. कुणाला सांगणार? सगळे पेढे वाटत होते.

म्हणून सांगतो, जोडी लावू नका हे मला पटलं, पण आधीचा फोटो लावायचाच नाही असं ठरवू नका. त्यात लाजायचं काय आहे? ती पण माझीच पोरगी होती. चांगला उजेड धरून, आईच्या मांडीवर, कपाळाला काजळाची तीट लावलेला असा एक जरी फोटो असता तर मी आज घरात लावला असता.

स्वरयंत्र

ताई, हे तुमचं जुन्या हसूचं कितीतरी आया माझ्यासमोर दार लावून सांगतात. प्रत्येकीला वाटतं आपल्यालाच असं वाटलं. तुम्ही इथं लिहिलंत ते फार बरं केलंत.

पंचांग_बघून

सगळं वाचून वाईट वाटलं. पण कुणी विषय काढला नाही म्हणून विचारतो, ग्रहण पाळलं होतं का? आमच्याकडं गरोदर बाईला त्या वेळेत चिरू कापू देत नाहीत. विज्ञान वगैरे ठीक आहे, पण पाळायला तोटा काय?

कागलची_धाकटी

पाळलं होतं हो. २५ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळचं ग्रहण. मी सकाळपासनं खोलीत, खिडकीला चादर, विळीला हात नाही, पाणी नाही, फराळाच्या डब्याचा वास घेत बसलेलो. सासूबाई बाहेर राखणीला. एवढं करून पोरगी अशी झाली तर म्हणाल्या मग आत तू कूस बदलली असशील नाहीतर अंग मुडपून झोपली असशील. तोटा विचारलात ना, हा तोटा. कसंही वागलं तरी शेवटी बाईनंच कायतरी केलंय.

स्वरयंत्र

आणि तारखा बघा. बाळाचा ओठ पोटात सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. कितीतरी बायकांना तोवर दिवस गेलेत हेच नीट कळलेलं नसतं. ताईंचा ऑक्टोबरात पाचवा महिना चालू होता, जे व्हायचं ते ग्रहणाच्या दोन महिने आधीच होऊन गेलेलं. साधारण ७०० ते १००० बाळांत एकाला हे होतं. कधी घराण्यात असतं, कधी आईचा मधुमेह, फिटच्या काही गोळ्या, तंबाखू-सिगारेट ह्यांनी धोका वाढतो, आणि बऱ्याच वेळा एक असं कारण सापडतच नाही. गंमत म्हणजे मेक्सिकोत पण हाच समज आहे, तिथं गरोदर बायका चंद्रग्रहणात पोटाशी किल्ली नाहीतर पिन लावतात. विळी नाही तर किल्ली.

पंचांग_बघून

तारखांचं डोक्यात आलं नव्हतं. राखणीचं वाचून घरात दाखवलं. ताई, दुखावायचा हेतू नव्हता.

आरोग्यसेवक_भुदरगड

आमची गाडी अंगणवाड्यांना वर्षातनं दोनदा आणि शाळांना एकदा जाते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ ला पालघरमधनं सुरू झालेला. १८ वर्षांपर्यंतच्या पोरांची तपासणी, ३० आजारांची यादी आहे त्यात दुभंगलेला ओठ-टाळू आहेच. मूल जन्मल्यावर घरी येणाऱ्या आशाताईंना पण हे बघायला सांगितलेलं असतं. सापडलं की पुढं जिल्ह्याच्या केंद्राकडं पाठवतो, ऑपरेशनचा खर्च घरच्यांवर पडत नाही. ह्याशिवाय स्माईल ट्रेन ह्या संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांत २००० सालापासनं भारतात फुकट ऑपरेशन होतात.

तरी माणसं येत नाहीत, ह्याचं कारण पैसा कमी आणि लपवणं जास्त. डोंगरातल्या एका वाडीत आम्ही गेलो की एक आजी नातवाला घेऊन शेताकडं जायची, तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा आमच्यातल्या सिस्टर आदल्या रात्रीच पाहुण्या म्हणून मुक्कामाला गेल्या. पोरगं पाच वर्षांचं होतं, टाळू तसाच.

त्यामुळं प्रदर्शन शाहू स्मारकला भरवा, पण ते कोल्हापुरातलेच लोक बघणार, ज्यांना बघायला पाहिजे ती आजी तिथं येत नाही. फोटो फ्लेक्सवर किंवा कापडावर छापून घ्या, गुंडाळून गाडीत टाकता आले पाहिजेत, आम्ही गारगोटी, गगनबावडा, शाहूवाडीच्या आठवडी बाजारात लावतो. आधी साहेबांची परवानगी काढतो.

पंच्याऐंशी_एमएम

फोटोवाल्याला फोटोवाल्याचं सांगतो. बाजूनं कडक फ्लॅश मारलास तर शिवण दोरीएवढी दिसणार, समोरनं चपटा मारलास तर गायब. दोन्ही खोटं. खिडकीचा मोठा मऊ उजेड घे, जरा तिरका, पांढरं धोतर लाव पाहिजे तर. लेन्स माझ्या नावातली. जवळ जाऊन वाइड लेन्सनं काढू नको, नाक फुगतं, आणि ह्या लोकांचं नाक आधीच एका बाजूला बसलेलं असतं. "स्माईल प्लीज" ही सवय सोड. हसताना ओठ एका बाजूला ओढला जातो, ज्याला हसायचंय तो आपोआप हसेल. लॅपटॉपला वायर लाव आणि प्रत्येक फोटो त्यांना तिथंच बघू दे, निवडायचा त्यांनीच. आणि मोबाईलवर नमुन्याचे काढणार असशील तर ब्युटी मोड बंद कर, ते शिवण गुपचूप पुसतं, तुझ्यासारखंच.

आडवा_तिडवा

शेवटचा टोला लागला असणार. बरं, माझी जोडीची मागणी मागं घेतो. दवाखान्यातल्या तीन फोटोंचं वाचल्यावर बोलायला काय राहत नाही. पण परवानगीचं काय? लहान पोराच्या वतीनं आईबाप सही करणार, आणि पोरगं उद्या कॉलेजला गेल्यावर म्हणालं की माझा फोटो बाजारात का लावला?

डार्करूम_मंगळवारपेठ

चार दिवस विचार करून लिहितोय. बायकोशी पण बोललो, ती म्हणाली पहिल्यांदाच कुणालातरी विचारून काम करताय.

ऑपरेशनच्या आधीच्या बाळाचा फोटो नाही हे माझं म्हणणं मागं. पण तो प्रदर्शनासाठी काढायचा नाही. ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांनी स्टुडिओत यावं, नाहीतर मी येतो, काजळ-तीट-झबलं सगळं करून नीट बारशाचा फोटो काढून देतो, पैसे नाहीत. तो त्यांच्या घरी. प्रदर्शनात द्यायचा का ते नंतर, त्यांनी स्वतः सांगितलं तर. आरोग्यसेवक साहेब, ही गोष्ट तुमच्या आशाताईंपर्यंत पोचवाल काय?

लहान पोरांचे फोटो शाहू स्मारकच्या आत लावायचे, बाजारात फक्त मोठ्यांचे. कागद साध्या मराठीत, मोठ्यानं वाचून दाखवून, आणि त्यात लिहायचं की कधीही फोन करून "काढा" म्हटलं की फोटो उतरवला जाईल, कारण विचारणार नाही. पोरगं १८ चं झालं की त्याला परत विचारायचं. नेटवर टाकायचे नाहीत, कारण तिथनं उतरवणं माझ्या हातात नाही.

खाली आजाराचं नाव नाही. नाव (द्यायचं असेल तर), गाव, काय काम करतात. स्वरयंत्र मॅडम, बाहेर पडायच्या दारापाशी तुमच्यासाठी एक टेबल ठेवतो, आरसा पण ठेवतो. कागलच्या वैनी, चालत असेल तर तुमचं बोंडलं त्या टेबलावर दोन दिवसांसाठी द्या, पाजायचं कसं ते बघून लोकांना पटकन कळेल.

पेपरातल्या फोटोचं: पत्रकार आले तर ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यातल्या ज्याला बोलायचंय त्याला पुढं करणार. कुणालाच बोलायचं नसेल तर बातमी बिनफोटोची. मिशीवाले दादा, एवढं जमतंय.

आणि त्या नवरीला फोन केला होता. अल्बम परत करून देतो म्हटलं, शिवणीसकट, मूळ फाईल आहेत अजून. म्हणाली सगळा नको, आईबरोबरचा एकच मोठा करून द्या.

कागलची_धाकटी

बोंडलं देतो. पण सांभाळून हां, आईचं आहे ते, आणि परत करताना चिंचेनं घासू नका, लोक चांदी दिसली की घासायला लागतात.

पोरगी आता बाबांना बाबा म्हणते. दीड महिना झाला. आधी मामाच म्हणायची, माझा भाऊ उगाच फुगून बसलेला.

मिशीवाला

मी गूळ मार्केटला दिवाणजी आहे, अडतीच्या दुकानात. खरं तर मला सौदा बोलणारा व्हायचं होतं. आवाज मोठा आहे माझा, पण नाकातनं येतो, पहिल्याच सौद्याला शेतकरी हसले, मालक म्हणाला तू वही धर. २२ वर्षं वहीच धरतोय. अक्षर मात्र बाजारात माझ्यासारखं कुणाचं नाही.

रविवारी येऊ काय? बाजारात नको, आतल्या प्रदर्शनापुरताच लावा, आमची शेतकरी मंडळी आठवडी बाजारात असतात. नंतरचं नंतर बघू. आणि मिशी काढायला सांगणार नाही ना? बायको म्हणते काढा, पोरगं म्हणतंय ठेवा.

स्वरयंत्र मॅडम, व्यनि केलाय.

डार्करूम_मंगळवारपेठ

या की दादा. मिशी तुमची, मी फक्त उजेड धरणार. वही घेऊन या, तुमचं अक्षर दिसलं पाहिजे.

खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या स्मारकाचा कॅमेरा आहे तिथं येऊन फोन करा, मी न्यायला येतो, आमची गल्ली बाहेरच्याला सापडत नाही. ११ च्या आत या, नंतर खिडकीत ऊन येतं.

मिशीवाला

वही मालकाची आहे, देणार नाही. गुळाचा रवा (ढेप) आणू काय, शेजारी ठेवायला?

डार्करूम_मंगळवारपेठ

आणा. ३० किलोचा नको, १० चा आणा, जिना लाकडी आहे.